पदवीचा उंबरठा : एक कीं दोन?

आषाढ लागला होता. हिंगोलीच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर संध्याकाळीं सारें कुटुंब जमलें होतें. अशी बैठक आमच्या घरीं तीनच कारणांनीं भरते : शेत घ्यायचें किंवा विकायचें असलें तर, कोणाचें लग्न ठरवायचें असलें तर, किंवा कोणाच्या शिक्षणाचा खर्च सामाईक तिजोरींतून करायचा असला तर. या वेळीं कारण तिसरें होतें. पण बोलतां बोलतां पहिलीं दोन्ही कारणें त्यांत येऊन मिसळलीं. असाच प्रसंग इतर अनेक घरांतून येत असेल, म्हणून तो येथें थोडक्यांत सांगतों.

माझ्या थोरल्या बंधूंची मुलगी बारावी झाली. पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, जिला सर्वजण ‘आयसर’ म्हणतात, तेथील पांच वर्षांच्या अभ्यासक्रमास तिला प्रवेश मिळत होता. पांच वर्षांच्या अखेरीस बी. एस्. आणि एम्. एस्. अशा दोन पदव्या एकदम हातीं पडतात. होकार कळविण्याची मुदत अगदीं थोड्या दिवसांची होती.

आमचे वडील, ज्यांना घरांत सारे नाना म्हणतात, त्यांनीं प्रथम प्रश्न केला, “दोन पदव्या एकदम म्हणजे काय? एका तिकिटांत दोन गांवें?”

दादा, म्हणजे मुलीचे वडील, म्हणाले, “नाना, मला भीति आहे ती निराळी. पांच वर्षें बांधून घ्यायचीं आणि दुसऱ्या वर्षीं पोरीचें मन उडालें तर? तोंपर्यंत झालेला खर्च कोठें जाणार?”

धाकटा बंधु म्हणाला, “गांवांत महाविद्यालय आहे, दोन तासांवर नांदेडास विद्यापीठ आहे. येथें बी. एस्सी. व्हावी, तेथें एम्. एस्सी. व्हावी. वर्षें तींच, आणि मुलगी डोळ्यांसमोर.”

वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. पण मुलीचें अठरावें वर्ष आणि त्यांत पांच मिळविलीं कीं होणारें तेविसावें, ही बेरीज त्या मनांत करीत होत्या हें सर्वांना दिसत होतें. कोपऱ्यांत आत्या वाती वळीत बसली होती. तीही गप्प होती.

मी शिक्षकाचा पेशा केलेला. तेव्हां सारी चौकशी करून सांगण्याचें काम माझ्यावर आलें. त्या चार दिवसांत जें वाचलें, विचारलें आणि समजलें, तेंच वाचकांपुढें ठेवीत आहें.

एका नांवाखालीं चार गोष्टी

‘दोन पदव्या एकत्र’ किंवा ‘पदवी लवकर’ असें म्हणतांना लोक चार अगदीं निरनिराळ्या गोष्टी एकाच पिशवींत घालतात, आणि मग घरोघरीं गोंधळ उडतो. त्या आधीं वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिला प्रकार एकात्मिक अभ्यासक्रमाचा. यांत बारावीनंतर एकदांच प्रवेश घ्यावयाचा आणि पांच वर्षांनीं पदव्युत्तर पदवी घेऊनच बाहेर पडावयाचें. पुणें आणि कलकत्ता येथील आयसर संस्था २००६ सालीं निघाल्या. आज देशांत अशा सात आहेत. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनीं मिळून २००७ सालीं मुंबईस मूलभूत विज्ञानाचें एक केंद्र काढलें, तेथेंही पांच वर्षांची एम्. एस्सी. आहे. पवईच्या आय. आय. टी. मध्यें बी. टेक्. आणि एम्. टेक्. यांचा पांच वर्षांचा जोडक्रम आहे. कायद्याचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम पुष्कळांना ठाऊक असतो. पण त्यांत मिळणाऱ्या बी. ए. आणि एल्‌एल्. बी. या दोन्ही पहिल्याच पायरीच्या पदव्या आहेत, त्यांत पदव्युत्तर पदवी नाहीं, हें विसरूं नये.

दुसरा प्रकार शिडीचा. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पदवीची शिडी नव्यानें बांधली. एक वर्ष केलें कीं प्रमाणपत्र, दोन केलीं कीं पदविका, तीन केलीं कीं पदवी, आणि चार केलीं कीं सन्मानपदवी. ज्यानें चार वर्षें केलीं त्याला पुढील पदव्युत्तर पदवी एकाच वर्षांत घेतां येते. ज्यानें तीन केलीं त्याला पूर्वींप्रमाणें दोन वर्षें लागतात. आपल्या राज्यांत ही रचना २०२४-२५ या वर्षापासून संलग्न महाविद्यालयांतही आली, म्हणजे ती हिंगोलीसही आली.

तिसरा प्रकार खरा ‘त्वरित’ पदवीचा. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२४ च्या अखेरीस त्यास संमति दिली. त्यांत हुशार विद्यार्थ्यास पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटीं निवडून घेऊन प्रत्येक सत्रांत अधिक विषय घेऊं देतात. तीन वर्षांची, म्हणजे सहा सत्रांची पदवी त्याला पांच सत्रांत संपवितां येते. चार वर्षांच्या पदवींतूनही एक-दोन सत्रें कमी होऊं शकतात. मात्र मंजूर जागांच्या शेंकडा दहांपेक्षां अधिक विद्यार्थ्यांस ही सवलत देतां येत नाहीं. ज्याला सावकाश जावयाचें आहे त्याच्यासाठींही याच नियमांत अधिक मुदतीची सोय आहे. तिकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं!

चौथा प्रकार म्हणजे एकाच वेळीं दोन अभ्यासक्रम चालविणें. एप्रिल २०२२ मध्यें आयोगानें ही मुभा दिली : दोन्ही वर्गांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही ठिकाणीं जातां येतें, अथवा एक वर्गांत बसून आणि दुसरा दूरशिक्षणानें करतां येतो. परंतु म्हणून बी. ए. आणि तिच्यावरचीच एम्. ए. एकाच वेळीं करतां येईल असें कोणीं समजूं नये. पाया घातल्यावांचून माडी चढत नाहीं.

पांचाचे पांचच

नानांनीं सारें ऐकून घेतलें आणि पाटीवर हिशेब मांडावा तसा प्रश्न टाकला, “मग वर्षें वांचलीं किती?”

उत्तर ऐकून सर्वांनाच नवल वाटलें. विज्ञान किंवा कला या शाखांत एकात्मिक अभ्यासक्रमानें एकही वर्ष वांचत नाहीं. तीन आणि दोन पांच. चार आणि एक पांच. आणि एकत्र पांच तेही पांचच. श्रेयांकांची बेरीज पाहिली तरी तेंच. आयोगाच्या आराखड्याप्रमाणें तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक आणि दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीस ८० लागतात. चार वर्षांच्या पदवीस १६० आणि तिच्यावरील एका वर्षास ४०. दोन्हींकडे बेरीज २००. आठवड्यास एक तास याप्रमाणें पंधरा आठवडे शिकलें कीं एक श्रेयांक होतो. म्हणजे कोणत्याही वाटेनें गेलें तरी सुमारें तीन हजार तासांचें शिकणें आहेच, आणि प्रयोगशाळेंतील काम धरलें तर त्याहूनही अधिक. कारण तेथें दोन तासांचा एक श्रेयांक धरतात.

वर्ष वांचतें तें स्थापत्य-यंत्रासारख्या शाखांत, जेथें चार आणि दोन मिळून सहा होतात आणि जोडक्रमांत तीं पांचांत बसतात. कायद्यांतही तीन वर्षांची पहिली पदवी आणि त्यावर तीन वर्षांचा कायदा अशीं सहा होतात, तीं पांचांवर येतात. तेव्हां ‘एक वर्ष वांचतें’ असें कोणी छातीठोकपणें सांगूं लागला तर त्याला आधीं शाखा विचारावी.

मग लाभ कशांत आहे? पहिला लाभ असा कीं तिसऱ्या वर्षाच्या शेवटीं पुन्हां प्रवेशपरीक्षा नाहीं, पुन्हां अर्ज नाहींत, पुन्हां नवें गांव आणि नवें वसतिगृह नाहीं. दुसरा असा कीं शिकविणाऱ्यांना पांच वर्षांचा आराखडा एकसंध आखतां येतो. तेंच प्रकरण पदवीस एकदां आणि पदव्युत्तर वर्गांत दुसऱ्यांदा शिकवावें लागत नाहीं. आणि तिसरा, जो मला सर्वांत मोठा वाटला, तो म्हणजे आयसरसारख्या संस्थांत शेवटच्या वर्षाचा मोठा भाग संशोधनास दिलेला असतो. विद्यार्थी छापलेलें वाचण्याऐवजीं न छापलेलें शोधूं लागतो.

पायऱ्या कोणीं घातल्या?

दोन पायऱ्यांची ही रीत कांहीं वेदकालापासून चालत आलेली नाहीं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि त्याची पहिली बी. ए. परीक्षा १८६२ सालीं झाली. तींत उत्तीर्ण झालेले चौघे म्हणजे महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानड्यांनीं त्यानंतर एम्. ए. केली आणि १८६६ सालीं एल्‌एल्. बी. केली. पायरीमागून पायरी चढण्याची जी रीत त्या पहिल्या पिढीनें घातली, तीच आपण आजवर चालविली.

इंग्लंडांत मात्र केंब्रिज आणि ऑक्सफर्ड येथें बी. ए. झाल्यावर ठराविक वर्षें लोटलीं कीं एम्. ए. ही पदवी नव्या परीक्षेवांचून मिळते. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत कलाशाखेची पहिली पदवीच एम्. ए. या नांवाची असते. आणि जर्मनीची कथा तर आपल्या अगदीं उलट आहे. तेथें पूर्वीं एकच लांबलचक अभ्यासक्रम असे आणि त्याच्या शेवटीं एकच मोठी पदवी. परंतु पुष्कळ विद्यार्थी चार-सहा वर्षें घालवून पदवीवांचूनच बाहेर पडत. १९९९ सालच्या बोलोन्या येथील ठरावानंतर युरोपांतील बहुतेक देशांबरोबर जर्मनीनेंही आपला एकसंध अभ्यासक्रम मोडून बी. ए. आणि एम्. ए. असे दोन तुकडे केले.

आपल्याकडे दोन होते, ते आपण जोडीत आहोंत; त्यांच्याकडे एक होता, तो त्यांनीं तोडला. यावरून एवढेंच समजावयाचें कीं जोडण्यांत एक सोय आहे आणि तोडण्यांत दुसरी. कोणाला कोणती सोय हवी आहे हें पाहिल्यावांचून निर्णय करणें म्हणजे माप न घेतां अंगरखा शिवणें होय.

आत्याची गोष्ट

हें सारें मीं दुसऱ्या दिवशीं बैठकींत सांगितलें. दादा म्हणाले, “म्हणजे वर्षें तींच. मग येथेंच तीन करून पुढचें पुढें पाहूं, हेंच शहाणपणाचें. पुढचें पुढें पाहण्यांत नुकसान तें काय?”

तेव्हां आत्यानें वातींची पेटी बाजूला ठेवली.

“नुकसान मी सांगतें,” ती म्हणाली. “मी १९७० सालीं नांदेडास बी. ए. झालें. संस्कृत विषय. पहिला वर्ग मिळाला. औरंगाबादेस एम्. ए. करावयाची माझी फार इच्छा. कोणीं ‘नको’ म्हटलें नाहीं. सारे म्हणाले, ‘निकाल लागूं दे, मग पाहूं.’ निकाल लागला. अर्ज आणविला, भरलाही. तेवढ्यांत एक स्थळ आलें. ‘आधीं हें पाहूं, मग तें पाहूं,’ असें झालें. मार्गशीर्षांत माझें लग्न झालें. अर्ज पोस्टांत टाकावयाचा राहिला तो राहिलाच. माझ्यावर कोणीं जुलूम केला नाहीं. तुमचे आजोबा देवमाणूस होते. पण दोन पदव्यांच्या मध्यें जे दोन महिने होते ना, त्यांत माझें शिक्षण हरवलें.”

ओसरीवर कोणी बोललें नाहीं. नाना आपल्या बहिणीकडे पाहत राहिले. ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. पण तिचा असा हिशेब त्यांनीं कधीं मांडला नसावा.

वाचकांनीं, विशेषतः ज्यांच्या घरीं मुली आहेत त्यांनीं, या ठिकाणीं क्षणभर थांबावें. आपल्या मराठवाड्यांत उच्च शिक्षणाची वाट मुळांतच उशिरा उघडली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत. त्या राज्याचें विद्यापीठ हैदराबादेस, १९१८ सालीं निघालेलें, आणि तेथील शिक्षण उर्दूंतून. नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें तें १९५० सालीं. औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झालें तें १९५८ सालीं. नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालचें. आणि आमचा हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो १९९९ सालीं. जेथें एक पायरी चढणेंच इतकें दूरचें होतें, तेथें दोन पायऱ्यांमधील रिकामी जागा किती जणींना गिळून बसली असेल! बी. ए. आणि एम्. ए. यांच्या मध्यें एक उंबरठा असतो. मुलगा तो ओलांडून पुढच्या खोलींत जातो. मुलगी पुष्कळदां त्या उंबरठ्यावरूनच दुसऱ्या घरीं जाते. एकात्मिक अभ्यासक्रमाचा जो लाभ माहितीपत्रकांत छापलेला नसतो तो हा आहे कीं त्यांत मध्यें हा उंबरठा नाहीं.

कच्चें मडकें

पण दादांचें म्हणणेंही खोटें नव्हतें. उंबरठा जसा अडवितो तसा बाहेर पडण्याची वाटही देतो. अठराव्या वर्षीं मुलांना सारें कळतें असें कोण म्हणेल? भौतिकशास्त्राची आवड म्हणून गेलेला मुलगा तिसऱ्या वर्षीं अर्थशास्त्राकडे वळूं पाहतो. तीन वर्षांची पदवी पदरांत असली तर तो मान वर करून वळतो. पांच वर्षांचा करार असला आणि मध्यें दार नसलें, तर तो एक तर रेटीत राहतो किंवा रिकाम्या हातीं परततो. जर्मनींत जें घडलें तें हेंच.

आणि जो ‘त्वरित’ पदवीचा मार्ग आहे त्याविषयीं तर आमच्या जिल्ह्यांतीलच एक जुनी कथा आठवते. नामदेवांचें नर्सी हें गांव हिंगोलीपासून जवळच. संतमंडळी जमली असतां गोरोबाकाका कुंभारांनीं थापटण्यानें एकेकाचें डोकें ठोकून पाहिलें आणि नामदेवांस कच्चें मडकें ठरविलें, ही कथा घरोघरीं सांगतात. त्यापुढील भाग मात्र पुष्कळजण विसरतात. नामदेव रागावले खरे, परंतु अखेर औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले आणि तेथें पक्के झाले. मडकें आव्यांत जितका काळ राहावें लागतें तितका काळ राहिलेंच पाहिजे. आंच वाढवून घटका वांचविल्या तर तें तडकतें. आमच्याकडील शेतकऱ्यास हें निराळें सांगावयास नको. हळद लावली कीं आठ-नऊ महिने वाट पाहावी लागते, मग ती शिजवावी लागते, वाळवावी लागते, घांसावी लागते. त्यांतलें एक काम घाईनें उरकलें तर बाजारांत भाव लगेच सांगतो.

म्हणून ज्या मुलाला सहा सत्रांचा अभ्यास पांच सत्रांत सहज झेपतो त्यानें तो अवश्य करावा. त्यासाठींच ती सोय आहे. परंतु शेजारच्या मुलानें केला म्हणून, किंवा सहा महिन्यांचें शुल्क वांचतें म्हणून, आपल्या मुलास त्यांत ढकलूं नये. पदवी एक सत्र आधीं मिळाली म्हणून तिच्यावर कोणी सोन्याची मोहर मारून देत नाहीं. ती इतर पदव्यांसारखीच धरली जाते. वांचलेल्या सहा महिन्यांचें काय करावयाचें हें आधीं ठरलेलें असेल तरच तें वांचविणें.

होकारापूर्वीं विचारावयाचे प्रश्न

चौकशी करतां करतां मीं प्रश्नांची एक यादी केली. ती वाचकांच्याही उपयोगी पडेल. प्रत्येक प्रश्नाचें उत्तर संस्थेच्या चालू वर्षाच्या नियमांत लिहिलेलें पाहावें. कोणाच्या तोंडच्या बोलण्यावर विसंबूं नये.

पहिला : मध्यें बाहेर पडल्यास हातीं काय लागतें? तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या शेवटीं पदवी मिळते कीं नाहीं, आणि मिळत असल्यास तिचें नांव काय?

दुसरा : शेवटीं पदव्या दोन मिळतात कीं एकच? कांहीं ठिकाणीं दोन, तर कांहीं ठिकाणीं एकट्या एम्. एस्सी. चें प्रमाणपत्र मिळतें. नोकरीच्या जाहिरातींत ‘पदवीधर’ असें मागितलेलें असतां अडचण येऊं नये म्हणून हें आधींच समजून घ्यावें.

तिसरा : विषय कधीं निवडावयाचा? आयसरमध्यें प्रथम सर्व मूलभूत विज्ञानें शिकवितात आणि विशेष विषयाकडे मागाहून वळूं देतात. इतर ठिकाणीं पहिल्या दिवसापासूनच विषय ठरलेला असतो.

चौथा : मिळविलेले श्रेयांक दुसरीकडे नेतां येतात काय? २०२१ पासून श्रेयांकांची एक राष्ट्रीय पेढी चालू आहे. तींत विद्यार्थ्याच्या नांवें खातें असतें आणि त्यांत श्रेयांक जमा होतात. परंतु ज्या संस्थेंत जावयाचें ती ते मान्य करील तरच त्यांचा उपयोग.

पांचवा : पुढें संशोधन करावयाचें असल्यास अट काय? आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें चार वर्षांची पदवी शेंकडा ७५ गुणांनीं उत्तीर्ण झालेल्यास थेट पीएच्. डी. च्या प्रवेशास पात्र धरतात. पदव्युत्तर पदवी असल्यास शेंकडा ५५ पुरतात. म्हणजे सर्वांनाच मध्यें एम्. ए., एम्. एस्सी. करावी लागते असेंही आतां राहिलेलें नाहीं.

सहावा, आणि हा संस्थेला नव्हे तर घरालाच विचारावयाचा : पांच वर्षांचा खर्च आज आपल्या डोळ्यांसमोर आहे काय? पहिल्या वर्षाचे पैसे सारेच उभे करतात. एकत्र कुटुंबाची कसोटी लागते ती तिसऱ्या वर्षीं, एखादा पाऊस चुकल्यावर.

ज्यांना गांव सोडतां येत नाहीं

आणखी एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. धाकट्या बंधूचा मुलगा त्याच वर्षीं बारावी झाला. त्याला कोठें जावयाचें नव्हतें. शेतीचीं पुस्तकें आणि रसायनशास्त्र यांतच त्याचा जीव. त्याच्यासाठीं शिडीचा मार्ग उत्तम ठरला. गांवांतच पदवीचीं वर्षें करावींत, जमल्यास चौथें करावें, आणि मग नांदेडास एका वर्षांत एम्. एस्सी. घ्यावी. यांत कोठेंही कमीपणा नाहीं. पांच वर्षांच्या शेवटीं दोघांचीही पायरी एकच. फरक एवढाच कीं या वाटेवर उंबरठे अधिक आहेत, आणि प्रत्येक उंबरठ्यावर घरच्यांनीं ‘मग पाहूं’ न म्हणतां ‘चल पुढें’ म्हटलें पाहिजे. जें अभ्यासक्रम आपोआप करतो तें येथें कुटुंबानें करावयाचें.

निर्णय

तिसऱ्या दिवशीं बैठक पुन्हां भरली. त्या वेळीं मुलीला प्रथमच विचारण्यांत आलें. खरें म्हणजे तें पहिल्याच दिवशीं विचारावयास हवें होतें. तो दोष आम्हां सर्वांचा.

ती म्हणाली, “आजोबा, आपल्या औंढ्याजवळ ‘लायगो’ची वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. कोट्यवधि वर्षांपूर्वीं कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं, त्यांच्या लाटा तेथें मोजणार. तसल्या लाटा जगांत प्रथम मोजल्या त्या सप्टेंबर २०१५ मध्यें, अमेरिकेंत. दोन हजार सहाशें कोटींचें काम आहे, २०२३ च्या एप्रिलांत मंत्रिमंडळानें मंजूर केलें, आणि २०३० पर्यंत तें उभें करण्याचें ठरलें आहे. माझी पांच वर्षें संपतील तेव्हां तेथें माणसें लागतील. आपल्या जिल्ह्यांत वेधशाळा यावी आणि तिच्यांतले शोध लावायला सारीं माणसें बाहेरूनच यावींत, असें कां? मी पुण्याला जातें तें परत येण्यासाठींच.”

अठराव्या वर्षींचें हें बोलणें पुढें किती टिकेल हें मी सांगूं शकत नाहीं. तिचा विषय बदलेल, मनही बदलेल. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा-हजाराव्या भागाहूनही बारीक हालचाल टिपणाऱ्या यंत्रावर काम करावयाचें म्हणजे पांच वर्षांनंतरही शिकणें संपणार नाहीं, हेंही तिला कळेल. परंतु बोलणें ऐकून नानांनीं एकच प्रश्न दादांना विचारला, “मध्यें दार आहे कीं नाहीं, तें लेखी पाहिलेंस ना?” दादांनीं नियमांचा कागद पुढें केला. नानांनीं चष्मा लावून तो दोनदां वाचला.

मग वहिनींनीं तीन दिवसांतला आपला पहिला शब्द उच्चारला, “आणि पांच वर्षांनीं लग्नाचें...”

आत्या म्हणाली, “वहिनी नव्हे, सूनबाई, तें मग पाहूं.”

सारे हंसले. जे शब्द पंचावन्न वर्षांपूर्वीं तिच्या अर्जावर येऊन पडले होते, ते तिनें आपल्या हातांनीं उचलून योग्य जागीं ठेवले, हें त्या हंसण्यांत सर्वांनाच समजलें नसेल. पण नानांना समजलें. त्यांनीं हळदीच्या पट्टीचे आलेले पैसे कोणत्या खात्यांत ठेवावयाचे हें तेथल्या तेथें सांगून टाकलें आणि जमीन विकण्याचा विषय बंद केला.

गाडीवर पोंचवावयास आम्ही सर्वजण हिंगोली डेक्कन स्थानकावर गेलों. गाडी सुटण्यापूर्वीं आत्यानें नातीच्या हातांत एक पाकीट दिलें. त्यांत होतीं पत्ता लिहिलेलीं आणि तिकीट लावलेलीं दहा पोस्टकार्डें.

“आत्याआजी, फोन आहे ना माझ्याजवळ,” ती म्हणाली.

“असूं दे,” आत्या म्हणाली. “सत्रास एक टाक. पांच वर्षांचीं दहा. पोस्टांत टाकावयाचें विसरूं नकोस म्हणजे झालें.”

पहिलें कार्ड दिवाळीपूर्वीं आलें आहे. तें आत्यानें देवघरांत ठेवलें आहे. नऊ यावयाचीं आहेत.